कर्करोगावरील उपचाराचा दर्जा कसा ओळखावा?

आपल्या वाशीम जिल्ह्यात एखाद्या घरी कर्करोगाचे निदान झाले की पहिला प्रश्न उभा राहतो तो 'रुग्णाला कोठे न्यावे?' हा. नागपूरला न्यावे, संभाजीनगरला न्यावे, अकोल्यातच दाखवावे की थेट मुंबईचे टाटा हॉस्पिटल गाठावे, यावर नातेवाईक, शेजारी आणि गावातील जाणती मंडळी आपापली मते देतात. कोणी इमारत पाहून सल्ला देतो, कोणी डॉक्टरांचे नाव ऐकून, तर कोणी 'आमच्या पाहुण्याला तेथे गुण आला' एवढ्याच आधारावर. या निर्णयावर घरच्या माणसाचे प्राण अवलंबून असतात आणि पुष्कळदा दोन-चार एकर शेतीही. इतका मोठा निर्णय आपण ऐकीव माहितीवर घेतो, ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

रुग्णालयाचा दर्जा मोजण्याचे काही साधन आहे काय? आहे. उपचार घेतलेल्या रुग्णांपैकी किती जण पुढे किती वर्षे जगले, याचा हिशेब हे ते साधन होय. ऐकायला हे सोपे वाटते. परंतु हा हिशेब नीट मांडला नाही तर तो माणसाला फसवतो. म्हणून तो कसा मांडतात, कोठे चुकतो आणि आपल्यासारख्या ग्रामीण जिल्ह्याला त्याचा काय उपयोग, हे संस्थेचे सभासद आणि विद्यार्थी यांच्यासमोर ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

पाच वर्षांची फूटपट्टी

कर्करोगाच्या बाबतीत सर्वसाधारणपणे पाच वर्षांचा हिशेब धरतात. निदान झालेल्या शंभर रुग्णांपैकी पाच वर्षांनंतर साठ जण हयात असतील, तर पाच वर्षांचे जगण्याचे प्रमाण साठ टक्के झाले. पाचच वर्षे का? तर अनेक प्रकारच्या कर्करोगांत रोग उलटायचा असेल तर तो बहुतेक वेळा याच काळात उलटतो. मात्र हा नियम सर्वांना लागू नाही. स्तनाचा कर्करोग कधी कधी दहा वर्षांनंतरही परत येतो. म्हणून पाच वर्षे पूर्ण झाली म्हणजे रोग समूळ गेला, असे समजू नये. ही एक सोयीची फूटपट्टी आहे, इतकेच.

यात आणखी एक बाब ध्यानात घ्यावी लागते. सत्तर वर्षांचा रुग्ण कर्करोगातून बरा होऊन नंतर हृदयविकाराने किंवा अपघाताने दगावला, तर तो दोष कर्करोगाच्या उपचाराचा नव्हे. म्हणून तज्ज्ञ मंडळी त्याच वयाच्या सर्वसाधारण लोकांतील मृत्यूचे प्रमाण विचारात घेऊन दुरुस्त आकडा काढतात. त्याला सापेक्ष जगण्याचे प्रमाण म्हणतात. दोन जिल्ह्यांची किंवा दोन देशांची तुलना करताना हाच आकडा वापरणे योग्य ठरते.

ही कल्पना कोठून आली?

रुग्ण घरी गेल्यावर त्याचे पुढे काय झाले, हे विचारण्याची जबाबदारी रुग्णालयाची आहे, हा विचार अमेरिकेतील बोस्टन शहरात डॉ. अर्नेस्ट कॉडमन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हट्टाने मांडला. प्रत्येक रुग्णाचे एक कार्ड ठेवावे, किमान वर्षभराने त्याची विचारपूस करावी आणि गुण आला नसेल तर का आला नाही हे लिहून ठेवावे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या मोठ्या रुग्णालयातील सहकाऱ्यांना हे रुचले नाही. १९१४ साली कॉडमन यांनी तेथील पद सोडले. त्यांनी १९११ मध्ये स्वतःचे छोटे रुग्णालय काढले होते. तेथून १९१६ पर्यंत घरी गेलेल्या ३३७ रुग्णांचा हिशेब त्यांनी छापून प्रसिद्ध केला आणि त्यात उपचारातील १२३ चुका स्वतःच मोजून दाखवल्या. आपल्या चुका छापणारा हा डॉक्टर त्या काळी लोकांना वेडा वाटला; आज जगभरची रुग्णालये त्याच मार्गाने जात आहेत.

या हिशेबाने सरकारे हलू शकतात, याचेही उदाहरण आहे. युरोपातील देशांचे आकडे शेजारी शेजारी मांडले गेले, तेव्हा ब्रिटनमधील कर्करोगाचे रुग्ण शेजारच्या कित्येक देशांतील रुग्णांपेक्षा कमी जगतात, असे दिसून आले. १९९५ साली तेथे कर्करोग सेवेच्या पुनर्रचनेचा अहवाल आला आणि २००० साली राष्ट्रीय कर्करोग योजना जाहीर झाली. आकडे नसते तर आपली व्यवस्था उत्तम आहे, याच समजुतीत तो देश राहिला असता.

महाराष्ट्रातील कार्य

आपले राज्य या बाबतीत मागे नव्हते, हे अभिमानाने सांगण्यासारखे आहे. मुंबईत टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ साली सुरू झाले. १९५१ साली इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापन झाली आणि तिने १९६३ साली मुंबईत देशातील पहिली लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी सुरू केली. अशी नोंदणी एका रुग्णालयापुरती नसते. ठरावीक भागात राहणाऱ्या प्रत्येक माणसाच्या कर्करोगाची नोंद, तो कोठेही उपचार घेवो, तीत केली जाते. पुढे पुणे, औरंगाबाद आणि नागपूर येथेही अशी नोंदणी झाली.

परंतु ही सर्व शहरे होती. खेड्यातील माणसाचे काय होते हे कळले ते बार्शीमुळे. १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातील परांडा व भूम अशा तीन तालुक्यांतील ३४६ गावांसाठी देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलचे डॉ. बी. एम. नेने आणि त्यांचे सहकारी यांनी हे काम हाती घेतले. खेड्यात रुग्ण आपण होऊन नोंद करायला येणार नाही, हे ओळखून नोंदणीचे कर्मचारीच गावोगाव जाऊ लागले. ते गावातील प्रमुख मंडळींना आणि डॉक्टरांना भेटत, लोकांना एकत्र बसवून कर्करोगाची लक्षणे सांगत, संशयित रुग्णास बार्शीला तपासणीसाठी येण्यास सांगत.

याचा परिणाम असा झाला की काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्या. १९९५ साली ही गोष्ट आंतरराष्ट्रीय वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. ना नवे यंत्र आले होते, ना नवे औषध. मोजणी करायला गेलेल्या माणसांनी लोकांशी बोलायला सुरुवात केली, आणि त्या बोलण्यामुळेच स्त्रिया लवकर येऊ लागल्या.

हिशेब कोठे फसवतो?

आता विद्यार्थ्यांनी वही-पेन्सिल घेऊन पुढील उदाहरणे करून पाहावीत. ती केवळ समजण्यासाठी रचलेली आहेत.

समजा, एका रुग्णालयात शंभर रुग्णांवर उपचार झाले. पाच वर्षांनी चाळीस जण हयात असल्याचे कळले, तीस जण वारल्याचे कळले, आणि उरलेल्या तिसांचा पत्ताच लागला नाही. रुग्णालयाने हे तीस जण सोडून दिले आणि सत्तरांपैकी चाळीस जगले असे सांगितले, तर प्रमाण ५७ टक्के होते. पण हरवलेले तीसही वारले असतील तर खरे प्रमाण ४० टक्केच. आणि ते सर्व जिवंत असतील तर ७० टक्के. याचा अर्थ, खरा आकडा ४० ते ७० यांमध्ये कोठेही असू शकतो. ग्रामीण भागात हरवणारे रुग्ण कोण असतात? ज्यांचे पैसे संपले, जे ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर बाहेरगावी गेले, ज्यांच्या घरी मृत्यू झाला व कोणी कळवले नाही. म्हणून ज्या रुग्णालयाने प्रत्येक रुग्णाचा माग काढला त्याचा ५० टक्के हा आकडा, निम्मे रुग्ण हरवलेल्या रुग्णालयाच्या ७० टक्क्यांपेक्षा अधिक विश्वासाचा समजावा.

दुसरे उदाहरण. एका खासगी रुग्णालयात शंभरांपैकी ऐंशी रुग्ण लवकरच्या अवस्थेत आले व वीस उशिराच्या. लवकर आलेल्यांपैकी साठ जगले, म्हणजे ७५ टक्के. उशिरा आलेल्यांपैकी चार जगले, म्हणजे २० टक्के. एकूण जगले ६४. दुसरे सरकारी रुग्णालय. तेथे गोरगरीब शेवटी शेवटी येतात. शंभरांपैकी वीसच लवकर आले, त्यांतील सोळा जगले, म्हणजे ८० टक्के. ऐंशी उशिरा आले, त्यांतील वीस जगले, म्हणजे २५ टक्के. एकूण जगले ३६. वरवर पाहणारा म्हणेल, ६४ कोठे आणि ३६ कोठे! पण दोन्ही अवस्थांमध्ये सरकारी रुग्णालयाचेच काम सरस आहे. त्याचा एकूण आकडा खाली गेला तो रुग्ण उशिरा आल्यामुळे. म्हणून अवस्थावार हिशेब मांडल्यावाचून दोन रुग्णालयांची तुलना करणे म्हणजे अन्याय होय.

तिसरी फसगत अधिक सूक्ष्म आहे. एका बाईचा मृत्यू २०२० मध्ये होणार आहे आणि उपचाराने तो टळणार नाही, असे समजा. तिचे निदान २०१७ मध्ये झाले तर ती तीन वर्षे जगली असे लिहिले जाईल. तेच निदान तपासणीमुळे २०१४ मध्ये झाले तर ती सहा वर्षे जगली, म्हणजे 'पाच वर्षांची कसोटी' पार पडली! तिच्या आयुष्यात एका दिवसाचीही भर पडली नाही. केवळ मोजणी लवकर सुरू झाली. दक्षिण कोरियात असाच प्रकार मोठ्या प्रमाणावर घडला. तेथे सरसकट तपासणीमुळे थायरॉईडच्या कर्करोगाची निदाने १९९३ ते २०११ या काळात सुमारे पंधरा पटींनी वाढली. बहुतेक रुग्ण 'वाचले', जगण्याचे प्रमाण उत्तम दिसले. पण त्या रोगाने होणाऱ्या मृत्यूंची संख्या जवळपास तेवढीच राहिली. जे रोग कधीच त्रास देणार नव्हते तेही शोधून त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाल्या होत्या.

मृत्यू कमी झाले काय?

यासाठी जगण्याच्या प्रमाणाला दुसऱ्या कसोटीची जोड द्यावी लागते. ती म्हणजे एकूण लोकसंख्येत त्या रोगाने होणारे मृत्यू कमी झाले की नाही. हा मोठा प्रयोग आपल्याच राज्यात झाला. १९९९ पासून उस्मानाबाद जिल्ह्यात गावांचे ५२ समूह करून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचा अभ्यास करण्यात आला. टाटा मेमोरियल, बार्शीचे रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो केला. एका गटातील स्त्रियांची एकदाच एचपीव्ही या विषाणूची तपासणी झाली. या गटात ३४,१२६ स्त्रिया होत्या. आठ वर्षांत त्यांतील ३४ जणी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने दगावल्या. तपासणी न झालेल्या गटात ३१,४८८ स्त्रिया होत्या. त्यांतील ६४ जणी दगावल्या. मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. २००९ साली हा निष्कर्ष जगासमोर आला. तपासणीविना ठेवलेल्या गटाबाबत नैतिकतेचा प्रश्न पुढे विचारला गेला आणि तो रास्तच होता. तथापि हजारो खेडूत स्त्रियांनी दिलेल्या सहकार्यामुळे जगाला एक पक्के उत्तर मिळाले, हे विसरता येणार नाही.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलने १९९८ पासून केलेल्या अभ्यासात, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी सौम्य ॲसिटिक आम्ल लावून केलेल्या साध्या तपासणीने याच कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. केरळमध्ये आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन लोकांचे तोंड उघडून पाहिले. तंबाखू किंवा दारूचे व्यसन असलेल्यांमध्ये मुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. आपल्या भागात खर्रा आणि तंबाखू यांचे प्रमाण पाहता हा दुसरा आकडा प्रत्येक घराने लक्षात ठेवावा.

आज देशाची स्थिती काय?

२०१२ ते २०१५ या काळात निदान झालेल्या रुग्णांचा, देशातील अकरा नोंदणी केंद्रांतून गोळा केलेला हिशेब अलीकडे प्रसिद्ध झाला. स्तनाच्या कर्करोगात पाच वर्षांचे सापेक्ष जगण्याचे प्रमाण ६६.४ टक्के आढळले, तर गर्भाशयमुखाच्या कर्करोगात ५१.७ टक्के. अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगाचे हेच प्रमाण सुमारे ९० टक्के आहे. परंतु आपल्याच देशातील फरक पाहावा: गर्भाशयमुखाच्या कर्करोगात अहमदाबाद शहरात ६१.५ टक्के, तर त्रिपुरात ३१.६ टक्के. रोग तोच, देश तोच. पण कोणत्या जिल्ह्यात जन्मलो यावर जगणे ठरते.

अवस्थेनुसार पाहिले तर चित्र अधिक स्पष्ट होते. स्तनाचा रोग जागच्या जागी असताना उपचार मिळालेल्यांपैकी ८१ टक्के स्त्रिया पाच वर्षे जगल्या. तो शरीरात दूर पसरल्यावर केवळ १८.३ टक्के. या सुमारे ६३ टक्क्यांच्या दरीचा मोठा भाग रुग्णालयाबाहेरच तयार होतो. गाठ हाताला लागूनही लाजेपोटी न सांगणे, 'सोयाबीन निघू द्या, मग पाहू' म्हणणे, तुकडा तपासणीला भिणे, गंडेदोरे करत बसणे, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात योग्य सल्ला न मिळणे, या सर्वांची बेरीज त्या दरीत आहे.

उपचार अर्धवट सोडणे हेही तसेच. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात शेक घेण्यासाठी सहा ते आठ आठवडे शहरात राहावे लागते. मध्येच खंड पडला तर रोग बळावतो. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून कर्करोगाच्या उपचाराचा खर्च मिळू शकतो; पण दोन महिने राहायचे कोठे, सोबतच्या माणसाची मजुरी कोण देणार, घरी लेकरांना कोण सांभाळणार, हे प्रश्न योजनेच्या कागदावर सुटत नाहीत. मुंबईत दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा कर्करोगाच्या रुग्णांना आसरा देते. अशी निवाऱ्याची सोय हीदेखील उपचाराच्या दर्जाचाच भाग समजली पाहिजे, कारण तिच्यामुळे उपचार पूर्ण होतो.

वाशीम जिल्ह्यापुरते

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा होऊन आपला जिल्हा अस्तित्वात आला. २०२४ साली वाशीमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. समृद्धी महामार्ग कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव या तालुक्यांतून गेल्याने नागपूर व संभाजीनगर जवळ आले. या चांगल्या गोष्टी आहेत. मात्र देशाच्या कर्करोग नोंदणीचा २०२० साली जो अहवाल निघाला, त्यात विदर्भातून नागपूर आणि वर्धा यांचीच लोकसंख्येवर आधारित नोंदणी होती; वाशीम नव्हते. मोजणी नसेल तर रिसोड किंवा मानोरा तालुक्यातील किती स्त्रिया कर्करोगाने गेल्या, किती वाचल्या, कोणत्या अवस्थेत रुग्णालयात पोहोचल्या, हे कोणाला सांगता येणार? आणि जे सांगता येत नाही त्याची मागणी तरी शासनाकडे कशी करणार? नवे वैद्यकीय महाविद्यालय झाले असताना जिल्ह्याची नोंदणी तेथे व्हावी, ही मागणी सर्व सामाजिक संस्थांनी मिळून लावून धरण्याजोगी आहे.

सभासदांनी काय करावे?

प्रथम, रुग्णालयात गेल्यावर धीटपणे विचारावे: रोग कोणत्या अवस्थेत आहे? या अवस्थेतील रुग्ण आपल्याकडे पाच वर्षांनी किती हयात असतात? उपचार मध्येच सोडणारे किती? उपचारानंतर आपण रुग्णांची विचारपूस कशी करता? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. शंभर टक्के गुणाची हमी देणाऱ्यापासून मात्र सावध राहावे.

दुसरे, सर्व कागद एका फाईलमध्ये सांभाळून ठेवावेत. तुकडा तपासणीचा अहवाल हा त्यांतील सर्वांत मोलाचा. पत्ता व फोन क्रमांक बदलला तर रुग्णालयाला कळवावे. रुग्ण वारला असेल आणि रुग्णालयातून विचारणा आली, तर दुःख बाजूला ठेवून खरे उत्तर द्यावे. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत कारणासह करावी. 'आजारी होते' एवढे लिहून रोगाचे नाव लपवल्याने जाणाऱ्याची अब्रू वाढत नाही. उलट मागे राहिलेल्यांच्या उपयोगी पडणारी एक नोंद कायमची बुडते.

तिसरे, विद्यार्थ्यांनी कोणताही टक्का ऐकला की तीन प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी: किती जणांपैकी? त्यांतले हरवले किती? आणि ते आले तेव्हा कोणत्या अवस्थेत होते? ही सवय कर्करोगापुरतीच नव्हे, शाळेच्या निकालापासून सरकारी जाहिरातीपर्यंत सर्वत्र कामी येईल.

जगण्याच्या प्रमाणातील प्रत्येक टक्का म्हणजे शंभरांतील एक माणूस, एक घर. त्या माणसाची नोंद झाली, त्याचा माग ठेवला गेला, तरच त्याच्यामागून येणाऱ्या रुग्णाला कोठे न्यावे, याचे उत्तर ऐकीव माहितीवर सोडावे लागणार नाही.